काचपेटींतील समुद्रफूल

अलिबागच्या समुद्रांत उभ्या असलेल्या कुलाबा किल्ल्याकडे ओहोटीच्या वेळीं पायीं चालत जातां येतें, हें बहुतेकांस ठाऊक असतें. किल्ला पाहावयास जाणारी मंडळी तटबंदी पाहतात, गणपतीचें दर्शन घेतात, चोहों बाजूंनीं खारें पाणी असतांना आंत गोड्या पाण्याचें तळें कसें, याचें नवल करतात आणि भरती येण्यापूर्वीं लगबगीनें परततात. परंतु ज्या काळ्या खडकावर हा किल्ला उभा आहे, त्याच्या खांचखळग्यांत सांचून राहिलेल्या पाण्याकडे फारच थोड्यांचें लक्ष जातें. वस्तुतः किल्ल्याइतकेंच तें पाणीही पाहण्याजोगें असतें. अशा एखाद्या डबक्याशीं दहा मिनिटें निश्चल बसून राहिलें, म्हणजे खडकाला चिकटलेला, चिखलाच्या गोळ्यासारखा दिसणारा एखादा पदार्थ हळू हळू उमलूं लागतो. त्याच्या माथ्यावर शेवंतीच्या पाकळ्यांप्रमाणें बारीक बाहूंचें वर्तुळ पसरतें आणि पाण्यांत फूल फुलल्याचा भास होतो. हेंच समुद्रफूल.

पूर्वीं कुलाबा या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या व १९८१ पासून रायगड म्हणविल्या जाणाऱ्या या जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, अलिबागपासून कोर्लई, मुरूड व थेट हरिहरेश्वरापर्यंत जेथें जेथें खडक समुद्रांत शिरला आहे, तेथें तेथें ओहोटीला असलीं डबकीं उघडीं पडतात. तीं पाहून पुष्कळांच्या मनांत एक इच्छा सहज उत्पन्न होते. हें फूल घरीं नेऊन काचेच्या पेटींत ठेवतां आलें तर काय बहार होईल! हल्लीं शहरांतून खाऱ्या पाण्याच्या काचपेट्या, त्यांचे दिवे व पंप सहज विकत मिळतात, त्यामुळें ही इच्छा पुरी करणें पूर्वींइतकें अवघड राहिलेलें नाहीं. ती पुरी करावी कीं करूं नये आणि करावयाची झाली तर कोणत्या तयारीनें करावी, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम हें फूल म्हणजे काय तें पाहूं. नांव फुलाचें असलें तरी तो पुरता प्राणी आहे. प्रवाळ व जेलीफिश यांचा तो नातलग. त्याचें शरीर म्हणजे एक मऊ पोकळ नळकांडें. खालच्या टोंकाला खडक धरून ठेवणारा चपटा पाय, वरच्या टोंकाला मध्यभागीं तोंड आणि तोंडाभोंवतीं बाहूंचें कडें. अन्न ज्या तोंडानें आंत जातें, त्याच तोंडानें न पचलेला भाग बाहेर टाकला जातो. दुसरी वाट नाहीं. मेंदू नाहीं, हृदय नाहीं, डोळे नाहींत. सर्व अंगभर पसरलेलें मज्जातंतूंचें एक विरळ जाळें तेवढें आहे. असें असूनही हा प्राणी शिकारी आहे. त्याच्या बाहूंवर असंख्य सूक्ष्म पेशी असतात व प्रत्येक पेशींत वेटोळें करून ठेवलेला एक विषारी धागा असतो. कोळंबीचें पिलूं किंवा लहानसा मासा बाहूंस लागतांच हे धागे बंदुकीच्या गोळीप्रमाणें सुटतात. हायड्रा नांवाचा जो गोड्या पाण्यांतील याचा लहानसा नातलग आहे, त्याच्या धाग्याच्या सुटण्याचा वेग शास्त्रज्ञांनीं मोजला, तेव्हां ती क्रिया एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी वेळांत आटोपते असें आढळून आलें.

या विषाचा मानवी वैद्यकाशीं एक विलक्षण संबंध आहे. शार्ल रिशे व पॉल पोर्तिए या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनीं १९०२ च्या सुमारास समुद्रफुलाच्या बाहूंतून काढलेलें विष कुत्र्यांना टोंचून पाहिलें. ज्या कुत्र्यानें पहिली मात्रा सहज सोसली, त्यालाच कांहीं आठवड्यांनीं अगदीं अल्प मात्रा दिली असतां तो थोड्याच वेळांत दगावला. एकदां सोसलेलें विष दुसऱ्या वेळीं अधिक सोसावें, ही सर्वांची समजूत. येथें प्रकार उलटा झाला. अंगाच्या या विपरीत प्रतिक्रियेला त्यांनीं ‘ॲनाफिलॅक्सिस’ असें नांव दिलें आणि या शोधाबद्दल रिशे यांस १९१३ चें नोबेल पारितोषिक मिळालें. आज कोणाला शेंगदाण्यानें, कोणाला मधमाशीच्या दंशानें जो प्राणघातक त्रास होतो, त्याचें मर्म या संशोधनानें उलगडलें. यांतून घरगुती धडा एवढाच कीं, समुद्रफुलाला उघड्या हातानें डिवचूं नये, लागलेला हात डोळ्यास लावूं नये आणि पेटींत काम केल्यावर हात स्वच्छ धुवावे.

आपल्याकडे या प्राण्यांचा अभ्यास झालाच नाहीं असें नव्हे. परुळेकर यांनीं १९६८ सालीं बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकांत मुंबईच्या समुद्रफुलांवर शास्त्रीय लेख लिहिला. कांहीं जाती आपल्या अंगाला शिंपल्यांचे बारीक तुकडे व वाळूचे कण चिकटवून घेतात, म्हणजे ओहोटीच्या उन्हांत अंग सुकत नाहीं. कांहीं जाती शंखांत राहणाऱ्या खेकड्याच्या पाठीवर बिऱ्हाड करतात. खेकडा त्यांस हिंडवून आणतो व त्याच्या जेवणांतील उष्टें त्यांस मिळतें, आणि त्यांच्या विषारी बाहूंच्या धाकानें खेकड्याचे शत्रू दूर राहतात. चित्रपटांमुळें मुलांच्या ओळखीचा झालेला नारिंगी-पांढरा विदूषक मासा समुद्रफुलांत राहतो हें खरें. पण जगांतील हजाराहून अधिक जातींपैकीं अवघ्या दहा जातींशींच या माशांचा असा घरोबा आहे. भारतांत ते अंदमान, लक्षद्वीप व मन्नारचें आखात येथील प्रवाळांच्या प्रदेशांत आढळतात. म्हणून अलिबागचें समुद्रफूल व दुकानांतील विदूषक मासा यांची सोयरीक जमविण्याच्या भानगडींत कोणीं पडूं नये. हा मासा पेटींत समुद्रफुलावांचूनही सुखानें राहतो.

आतां घरीं पाळण्याच्या गोष्टीकडे वळूं. यांत सर्वांत प्रसिद्ध उदाहरण स्कॉटलंडमधील आहे. एडिंबरो येथील विद्वान् गृहस्थ सर जॉन डॅलियल यांनीं १८२८ सालीं नॉर्थ बेरिकच्या किनाऱ्यावरून एक लहानसें समुद्रफूल आणलें व काचेच्या साध्या बरणींत ठेवलें. त्या वेळीं विजेचा पंप नव्हता, दिवा नव्हता, मिठाचीं तयार मिश्रणें नव्हतीं. होता तो केवळ नेम. समुद्राचें ताजें पाणी नियमानें आणविलें जाई, जुनें टाकून दिलें जाई आणि अधूनमधून शिंपल्यांतील मांसाचा तुकडा देण्यांत येई. १८५१ सालीं डॅलियल वारले. समुद्रफूल मात्र जिवंतच होतें. तें प्राध्यापक फ्लेमिंग यांच्याकडे गेलें, तेही वारले. पुढें डॉक्टर मॅकबेन, नंतर वनस्पतिउद्यानाचे अधिकारी सॅडलर व शेवटीं लिंडसे, असे त्याचे पालक एकामागून एक बदलत गेले. १८५७ सालीं एका रात्रींत त्यानें दोनशेंहून अधिक पिलांना जन्म दिला. लोकांनीं त्यास कौतुकानें ‘ग्रॅनी’, म्हणजे आजीबाई, असें नांव दिलें होतें. या आजीबाईंनीं १८८७ सालच्या ऑगस्टमध्यें देह ठेवला, तेव्हां बरणींत येऊन त्यांस एकूणसाठ वर्षें झालीं होतीं.

ही कथा गमतीची खरी. पण तिच्यांत एक गंभीर अर्थ आहे. समुद्रफूल हें गुलदस्त्यांतील फुलाप्रमाणें चार दिवसांचें नव्हे. नीट सांभाळलें तर तें सांभाळणाऱ्याच्या मागेंही उरूं शकतें. मग घराघरांतून तें महिन्या-दोन महिन्यांत कां मरतें? त्याचें आयुष्य थोडें असतें म्हणून खास नव्हे.

याचें उत्तर शोधण्यासाठीं पुन्हां त्या खडकांतील डबक्याकडेच गेलें पाहिजे. वैशाखाच्या दुपारीं त्या डबक्याचें पाणी तापतें, आषाढाच्या सरींनीं तें जवळ जवळ गोडें होतें, आंत कुजणारें शेवाळ व मेलेले जीव सांचतात. इतक्या हालअपेष्टांत समुद्रफूल जगतें तें एकाच आधारावर. दिवसांतून दोनदां भरती येते. ती सारें जुनें पाणी धुऊन नेते, नवें थंड पाणी आणते, अन्न आणते, प्राणवायु आणते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ती जोरानें येते, अष्टमीच्या भांगाला हळू येते. पण तिचा नेम सहसा चुकत नाहीं. काचेच्या पेटींत भरती येत नाहीं. तेथें पाळणाऱ्यालाच भरती व्हावें लागतें. या एका वाक्यांत या विद्येचें सारें सार आहे; पुढील सूचना म्हणजे त्याचाच विस्तार.

पहिली गोष्ट पाण्याची. समुद्राच्या एक किलोग्रॅम पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांत तीन चतुर्थांशांहून कांहींसा अधिक भाग साध्या मिठाचा. उरलेल्यांत मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम इत्यादींचे क्षार येतात. उरण-पेणकडील मिठागरें ज्यांनीं पाहिलीं असतील, त्यांस हें सहज समजेल कीं, मिठाचे खडे वाफ्यांत जमल्यावर जें कडवट पाणी उरतें, त्यांतच मॅग्नेशियमचे क्षार मागें राहतात. म्हणून स्वयंपाकघरांतील मीठ पाण्यांत विरघळवून समुद्र तयार होत नाहीं. त्यासाठीं मुद्दाम बनविलेलें सागरी मिश्रण घ्यावें आणि तें गाळून शुद्ध केलेल्या पाण्यांत मिसळावें. नळाच्या पाण्यांतील क्लोरीन या प्राण्यांस बाधतें. विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास ठेवावें व तें मोजण्याचें साधें उपकरण जवळ बाळगावें. किनाऱ्यावरचें पाणी आणावयाचें तर खाडीच्या मुखापासून व वस्तीच्या सांडपाण्यापासून दूर, भरतीच्या वेळीं भरावें. पावसाळ्याचे चार महिने तें आणूंच नये; त्या काळांत तें गढूळ व पातळ झालेलें असतें.

पाणी कशांत भरावें, हाही प्रश्न लहान नाहीं. आपल्या घरांत पाणी म्हटलें कीं तांब्याचा हंडा व पितळेची कळशी आठवते. मनुष्याच्या आरोग्याला तांब्याचें पाणी कसेंही असो, समुद्रफुलाला तांबें म्हणजे विष. त्याचा अल्पसा अंशही त्यास मारक होतो. म्हणून तांब्या-पितळेचें भांडें, नळाची पितळी तोटी, तांब्याची तार यांचा त्या पाण्याशीं संबंध येऊं देऊं नये. आणि माशांच्या रोगांवर मिळणाऱ्या औषधांत तांबें असल्यास तें औषध त्या पेटींत चुकूनही घालूं नये.

दुसरी गोष्ट धीराची. बहुतेक समुद्रफुलें मरतात तीं येथेंच. पेटी आज आणली, पाणी आज भरलें आणि प्राणीही आजच सोडला, असा उतावळेपणा घडतो. प्राण्यांच्या मलापासून व उरलेल्या अन्नापासून पाण्यांत अमोनिया होतो आणि तो जहाल विष आहे. समुद्रांत व मुरलेल्या पेटींत कांहीं उपकारक जीवाणू त्या अमोनियाचें प्रथम नायट्राइट व मग बहुतांशीं निरुपद्रवी असें नायट्रेट करून टाकतात. हे जीवाणू वाळूवर व दगडांवर पुरेसे वाढण्यास चार ते सहा आठवडे लागतात. तोंवर पेटी रिकामी दिसली तरी तिच्यांत काम चालूच असतें. तपासणीच्या साहित्यानें अमोनिया व नायट्राइट हीं दोन्हीं शून्य आढळल्यावरच पुढचें पाऊल टाकावें. समुद्रफुलासाठीं तर त्यानंतरही कांहीं महिने थांबणें शहाणपणाचें. लोणचें मुरूं द्यावयाचें असतें, हें ज्या घरांत ठाऊक आहे, त्या घरांत हा नियम समजावून सांगण्याची गरज नसावी.

पेटी लहान असूं नये; शंभर लिटरांहून कमी पाण्यांत उष्णता व क्षार यांचें प्रमाण फार झपाट्यानें बदलतें. उष्णता २४ ते २८ अंश सेल्सिअस यांच्या दरम्यान राहील, अशा सावलीच्या जागीं ती मांडावी. पाण्याची रोज वाफ होते, परंतु क्षार उडून जात नाहींत. तेव्हां घटलेलें पाणी भरतांना खारें पाणी न घालतां शुद्ध गोडें पाणीच घालावें. या एका गोष्टीच्या अज्ञानानें पेटीचें पाणी दिवसेंदिवस खारट होत जातें व कोणाच्या ध्यानांतही येत नाहीं. आठवड्यांतून एकदां दहाव्या हिश्शाइतकें पाणी काढून तितकेंच ताजें खारें पाणी घालावें. हीच ती घरची भरती. पंपाच्या तोंडावर बारीक जाळी बसवावी, कारण समुद्रफूल जागा न आवडल्यास पाय सोडून सरकत निघतें आणि पंपांत सांपडून त्याच्या चिंध्या होतात. ज्या जातींच्या अंगांत सूक्ष्म शैवाल वस्तीला असतें, त्यांस प्रखर प्रकाश लागतो, कारण त्यांच्या उपजीविकेचा मोठा भाग त्या शैवालाकडून येतो. इतरांस बेताचा प्रकाश पुरतो.

खाऊं घालण्याच्या बाबतींत आपल्या आतिथ्याला आवर घालावा लागतो. आठवड्यांतून एक-दोनदां वाटाण्याएवढा कोळंबीचा किंवा तिसरीच्या मांसाचा तुकडा बाहूंवर अलगद ठेवावा, एवढें त्यास पुष्कळ होतें. टाकून दिलेला तुकडा लगेच काढून घ्यावा. समुद्रफूल कधीं कधीं तासन्‌तास मिटून बसतें. त्यानें घाबरूं नये, तो त्याचा स्वभावच आहे. परंतु तोंड सैल पडून उघडें राहिलें, पाय कशालाही धरीनासा झाला आणि पाण्याला दुर्गंधी येऊं लागली, तर तें मेलें असें समजून तत्काळ बाहेर काढावें, नाहीं तर सारी पेटी नासते.

कोंकणांत राहणाऱ्यांनीं आणखी एक विचार करावा. ३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलें, तेव्हां अनेक गांवांतून दिवसच्या दिवस वीज नव्हती. पाणी खेळतें राहिलें नाहीं तर पेटींतील प्राणवायु लवकर सरतो. म्हणून बॅटरीवर चालणारा हवेचा पंप व साठविलेलें पाणी हीं पावसाळ्यापूर्वींच सिद्ध ठेवावींत. घरांत आठ दिवस कोणी नसेल तर पेटीची निगा कोण ठेवील, हेंही आधींच ठरवावें.

एवढें सर्व करण्याची ज्यांची तयारी आहे, त्यांच्यापुढेंही एक शेवटचा प्रश्न उरतो. हें फूल कोठून आणावें? येथें पुन्हां इंग्लंडकडे पाहावें लागतें. तेथें फिलिप हेन्री गॉस या निसर्गशास्त्रज्ञानें १८५४ सालीं ‘द अक्वेरियम’ हें पुस्तक लिहून घरोघरीं समुद्र आणण्याचें वेड लाविलें. गॉस स्वतः मोठा भाविक व प्राणिमात्रांवर प्रेम करणारा गृहस्थ होता. परंतु त्याचीं पुस्तकें वाचून लोक टोपल्या, छिन्न्या व बरण्या घेऊन किनाऱ्यावर लोटले. त्याचा मुलगा एडमंड यानें १९०७ सालीं प्रसिद्ध केलेल्या आत्मवृत्तांत मोठ्या खेदानें नमूद केलें आहे कीं, बापानें ज्यांचें वर्णन केलें तीं खडकांतील रम्य डबकीं पुढें ओकींबोकीं झालीं. ज्यानें तीं शोभा लोकांस दाखविली, त्याच्याच हातून नकळत तिचा नाश ओढवला. नेलेल्यांपैकीं बहुतेक प्राणी घरीं पोंचून थोड्याच दिवसांत मेले असतील, हें सांगावयास नको.

रायगडच्या किनाऱ्यालाही हा धोका दूरचा राहिलेला नाहीं. २०२० पासून मांडव्याला मोटारीसकट माणसें उतरविणारी बोट सुरू झाली आणि १२ जानेवारी २०२४ रोजीं शिवडी-न्हावाशेवा हा सागरी सेतू खुला झाला. मुंबईकरांचें घर आणि हे खडक यांमधील अंतर आतां थोडक्या वेळाचें राहिलें आहे. सुट्टीच्या दिवशीं येणाऱ्या प्रत्येक कुटुंबानें एकच समुद्रफूल नेतों म्हटलें, तरी कुलाब्याच्या खडकावर काय शिल्लक राहील, याचा हिशेब शाळकरी मुलगाही करूं शकेल. खडकावरून ओढून काढतांना पाय फाटला तर तो प्राणी बहुधा वांचत नाहीं, हें वेगळेंच. शिवाय प्रवाळ, समुद्रपंखे व समुद्रघोडे यांस २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याचें पूर्ण संरक्षण आहे. तीं गोळा करणें हा गुन्हा आहे. कंटाळा आला म्हणून पेटींतला प्राणी पुन्हां समुद्रांत सोडून देणें, हाही मार्ग खरा नव्हे; कारण परक्या जाती व पेटींतले रोग त्याच्याबरोबर समुद्रांत जातात. म्हणजे घरांत आणलेलें समुद्रफूल कायमचेंच घरचें झालें.

तेव्हां सुज्ञांनीं क्रम असा ठेवावा. प्रथम एक वर्षभर डबकींच पाहावींत. पंचांग उघडून अमावास्या-पौर्णिमेच्या मागील-पुढील दिवस निवडावे, ओहोटीची वेळ कोळी बांधवांस विचारून घ्यावी, पायांत घट्ट बसणारा जोडा घालावा आणि मुलांस बरोबर न्यावें. दगड उलटला तर होता तसा परत ठेवावा. वहींत तारीख, जागा व दिसलेले प्राणी लिहून ठेवावे. वर्षानंतरही ओढ कायम राहिली, तर पेटी मांडावी, ती महिनोन्‌महिने मुरूं द्यावी आणि पेटींतच विभागून वाढलेलें समुद्रफूल जाणत्या पाळणाऱ्याकडून किंवा खात्रीच्या विक्रेत्याकडून एकच घ्यावें. खडकावरचें खडकावरच राहूं द्यावें. पुष्कळांना तें वर्ष संपतां संपतां असें आढळून येईल कीं, काचपेटीची हौस आतां पूर्वींसारखी उरली नाहीं. कारण जें पाहावयाचें होतें तें डबक्यांतच अधिक चांगलें दिसतें, आणि तेथें पाणी बदलण्याचें काम समुद्र स्वतः, कोणाकडून दमडीही न घेतां, दिवसांतून दोनदां करीत असतो.